आत सोळा, राखीव चार

मी, उत्तमचंद रुपचंद सांखला, वय वर्षे एकसष्ट, धंदा रेडिओची विक्री व दुरुस्ती, राहणार पिंप्राळा, जळगाव, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची काय व्यवस्था लागावी ते आज माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. याआधी मी असा लेख केलेला नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. छातीचे दुखणे कार्तिकात सुरू झाले, पण ते डोक्यापर्यंत चढलेले नाही. वकीलसाहेबांनी दिलेल्या नमुन्यात पुढचे वाक्य असे आहे की, हा लेख कोणत्याही भीतीखाली लिहिलेला नाही. ते वाक्य मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. मला भीती आहे, आणि ती मे महिन्यापासून एक दिवसही उतरलेली नाही. मात्र कोणाला काय द्यावे हे मला कोणी शिकवलेले नाही. एवढे शपथेवर सांगतो.

कलम १. पिंप्राळ्यातील दोन खोल्यांचे घर व मागच्या विहिरीचा निम्मा हक्क पत्नी सौ. सायरबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, व तिच्यानंतर मुलगा चि. प्रकाशचंद याला. पोस्टातील बचत सायरबाईचीच आहे, तिच्यात कोणी वाटा मागू नये. पुढच्या दाराला यंदा आषाढात मी आतून दुसरी कडी बसवली ती माझ्यामागे काढून टाकावी. सायरबाईने तेव्हा विचारले होते, "चोर वाढले का?" मी हो म्हणालो. ती कडी चोरांसाठी नव्हती. जीपचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मी ती लावून पलंगावर बसून राहायचो, भर दुपारी, आणि जीप पुढे गेली तरी मला उठवत नसे.

कलम २. दुकान भाड्याचे आहे, ते मालकास परत द्यावे. दुकानातील मीटर, सोल्डरिंगचे सामान, पेचकसांचा संच व वॉल्व्हची खोकी मुलगी सौ. प्रेमकुंवर, जी रावेरला दिली आहे, हिला द्यावीत. प्रकाशचंदने राग मानू नये. तो धुळ्याला बँकेत लागला, त्याला हत्यारात रस नाही. प्रेमकुंवर लग्नाआधी चार वर्षे माझ्या शेजारी बसून काम शिकली, आणि तिने जोडलेली तार मला पुन्हा कधी जोडावी लागली नाही. लोक म्हणायचे, शेठ, मुलीला हे कशाला? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता लिहून ठेवतो की ती माझ्यापेक्षा चांगली कारागीर आहे. जावईबापूंनी तिला ओसरीवर एक टेबल टाकू द्यावे अशी विनंती.

कलम ३. माझे चुलतभाऊ भिकमचंद यांच्या कापड दुकानात व माझ्या दुकानात मधले दार होते. आमच्या वडिलांनी ते मुद्दाम ठेवले होते. मे महिन्यात माझ्या दुकानी पोलीस येऊन गेल्यावर आठ दिवसांत भिकमचंदांनी ते विटांनी बुजवले. मला सांगितले, उंदीर येतात. मी त्यांना काही देत नाही व त्यांचे काही घेत नाही. एक मात्र कबूल करतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विटा मागवल्या असत्या.

कलम ४. हे कलम मोठे आहे. सायरबाई व मुलांनी ते पूर्ण वाचावे.

सन चौसष्टच्या ऑक्टोबरात टोकियोच्या ऑलिंपिकात हॉकीची अंतिम लढत पाकिस्तानशी होती. मी मोठा रेडिओ दुकानाच्या फळीवर ठेवला होता आणि रस्ता माणसांनी भरला होता. त्या गर्दीत एक उंच गृहस्थ बगलेत बिघडलेला रेडिओ घेऊन उभे होते. आपण जिंकलो, गर्दी नाचत पांगली, तरी ते तिथेच. म्हणाले, "शेठ, जिंकलो ते ठीक. पण राइट इनच्या जागेवर जो घेतला तो घ्यायला नको होता. मी महिन्यापूर्वीच घरात बोललो होतो." ते चुडामण पुना पाटील, शिंदखेड्याच्या शाळेत कवायतीचे शिक्षक. फौजेत असताना स्वतः हॉकी खेळलेले. मी त्यांना गुरुजी म्हणू लागलो, ते मला उत्तमभाऊ.

पुढे आमचा एक नाद ठरला. ऑलिंपिक असो, आशियाई खेळ असोत की विश्वचषक, भारताचा संघ जाहीर होण्याआधी दोघांनी आपापली यादी करायची, पाकिटात बंद करून एकमेकांना टपालाने पाठवायची. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख हा पुरावा. संघ जाहीर झाला की गुरुजी सुरत पॅसेंजरने जळगावला यायचे किंवा मी शिंदखेड्याला जायचो, आणि पाकिटे समोरासमोर फोडायची. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आपल्या हाताने जेवू वाढायचे. बहुतेक वेळा मीच वाढले.

मी आकाशवाणीचे धावते वर्णन ऐकून टिपणे ठेवायचो. उत्तरार्धात कोणाचे नाव कमी ऐकू येते, पेनल्टी कॉर्नर कोण मारतो, कोण जखमी आहे. गुरुजी हसायचे. एकदा दुकानात बसून म्हणाले, "उत्तमभाऊ, खेळणारे कोण ते बघून यादी जमत नाही. निवडणारे कोण ते बघा. दिल्लीतले चार लोक बंद खोलीत बसून सगळं ठरवतात. ते बदलल्याशिवाय काही खरं नाही." हे वाक्य त्यांनी निवड समितीबद्दल म्हटले. तारीख मला आठवत नाही, पण मी तिथे होतो, फळीवर उघडलेला रेडिओ होता, आणि बोलणे म्युनिकच्या संघाचे चालले होते. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण जिथे लिहायला हवे होते तिथे मी लिहिले नाही.

यंदा मॉन्ट्रियलचे ऑलिंपिक होते. मे महिन्यात गुरुजींनी नेहमीप्रमाणे पाकीट पाठवले. ते माझ्याकडे पोचले नाही. त्याऐवजी भर दुपारी साध्या कपड्यातले दोन जण दुकानात आले. माझ्या टिपणांच्या वह्या, गुरुजींची जुनी पत्रे, रेडिओचे लायसन, सगळे त्यांनी एका पोत्यात भरले आणि मला बरोबर नेले. कचेरीचे नाव मी लिहीत नाही.

तिथल्या अधिकाऱ्यापुढे गुरुजींचे पाकीट फोडलेले होते. त्याने मला वाचून दाखवले. आत सोळा. राखीव चार. जालंधरहून पाच, भोपाळहून एक, मुंबईचे दोन. एक डावीकडचा, त्याच्यावर भरवसा नाही. जाहीर होईपर्यंत कोणाजवळ बोलू नये. खाली सहीच्या जागी नुसते चु. नावे पूर्ण लिहायची नाहीत, आद्याक्षरेच लिहायची, ही आमचीच रीत होती.

अधिकारी म्हणाला, "शेठ, आत कोण जाणार ते आम्ही ठरवतो. हे सोळा कोण?"

मी सांगितले, हॉकीचा संघ आहे साहेब. आत म्हणजे संघात.

"हॉकीची यादी पाकीट डकवून कोण पाठवतो?"

मी पुन्हा सगळे सांगितले, टोकियोपासून. तो ऐकत होता. आज मला वाटते की त्याला ते पटलेही असावे. पण त्याला संध्याकाळपर्यंत काहीतरी कागदावर हवे होते. त्याने विचारले, मुलगा धुळ्याला बँकेत लागलाय ना, नोकरी अजून कच्ची आहे ना? दुकानात बीबीसी लावता ना? मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हा चु. कोण आणि सरकारविरुद्ध काय बोलतो, एवढं लिहून द्या आणि घरी जा."

मला कोणी हात लावला नाही. मुलांनी हे लक्षात ठेवावे, मार खाऊन मी हे केलेले नाही. मी गुरुजींचे पूर्ण नाव, गाव, शाळा सांगितली. आणि ते वाक्य सांगितले. दिल्लीतले चार लोक बंद खोलीत बसून सगळे ठरवतात, ते बदलल्याशिवाय काही खरे नाही. एवढेच सांगितले. ते कोणाबद्दल होते ते सांगितले नाही. लिहिणाऱ्याने लिहिले, मी खाली सही केली.

घरी आलो तेव्हा सायरबाई दारात उभी होती. तिने विचारले, "सोडलं?" मी म्हणालो, सोडलं.

तिसऱ्या दिवशी गुरुजींना शाळेतून उचलले. आणीबाणीतल्या मिसा कायद्याखाली, खटल्यावाचून, आत टाकले. शाळेने निलंबित केले. जुलैत रेडिओवर मॉन्ट्रियलच्या संघाची नावे सुरू झाली, तेव्हा पहिल्याच नावाला मी खटका बंद केला. आपण सातवे आलो असे पुढे लोकांकडून कळले. त्या दिवसापासून कोणीही कुठलीही यादी वाचू लागले, रेशनच्या दुकानात नावे पुकारली तरी, माझ्या पाठीला घाम सुटतो. मी कचेरीतून निघताना अधिकारी म्हणाला होता, लागलं तर पुन्हा बोलावू. मी रोज त्या बोलावण्याची वाट पाहतो. ते आले तर या वेळी मी कोणाचे नाव सांगेन, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

माझे म्हणणे असे की, चुडामण पुना पाटील यांनी माझ्यासमोर कधीही हॉकीशिवाय दुसरे राजकारण केलेले नाही. माझा जबाब अर्धा होता आणि अर्धा ठेवला तो मी जाणूनबुजून. या कलमाची नक्कल ज्या कोर्टात किंवा कचेरीत उपयोगी पडेल तिथे दाखल करावी.

कलम ५. दुकानातील सहा बँडचा मोठा रेडिओ, लायसनसह, श्री. चुडामण पुना पाटील यांना, व ते तोवर सुटले नसल्यास त्यांच्या पत्नी सौ. यशोदाबाई यांना द्यावा. (हे कलम मी आज खोडले आहे. कारण खाली.)

साक्षीबाबत खुलासा. वरील मजकूर वकीलसाहेबांना दाखवला तेव्हा त्यांनी चौथे कलम वाचून दार लोटून घेतले. म्हणाले, "हे काढा. माझ्या टेबलावर हे आलं होतं हेसुद्धा कोणाला सांगू नका." मी काढले नाही. साक्षीला भिकमचंद यायचे होते, ते सकाळीच केळीच्या कामाला रावेरला गेल्याचा निरोप आला. त्यांचा केळीशी काही संबंध नाही.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले सुकदेव नथ्थू महाजन मात्र आले. मी म्हणालो, आबा, तुमची पेन्शन आहे, विचार करा. ते म्हणाले, "ती पाकिटं इतकी वर्षं मीच तुमच्या दुकानात टाकली. आत काय असतं ते कधी विचारलं नाही. आज वाचलं." आणि पायरीवर बसून राहिले.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. सगळे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की, मी खरे सांगण्यासाठीसुद्धा अशी जागा शोधली आहे की जिथे मला कोणी पकडायला येणार नाही. आणि तोवर गुरुजी आतच. म्हणून मी शिंदखेड्याला पत्र टाकले, वहिनी, तुरुंगात गुरुजींच्या भेटीला जाताना जळगावला उतरा, तुम्हाला काही वाचून दाखवायचे आहे. त्या आज दुपारी आल्या. हातात गुरुजींसाठी भाकरीचे गाठोडे होते, ते त्यांनी मांडीवरून खाली ठेवले नाही. सायरबाईने दिलेले पाणी तसेच राहिले. मी चौथे कलम मोठ्याने वाचले. सायरबाईही प्रथमच ऐकत होती.

वाचून झाल्यावर यशोदाबाईंनी विचारले, "नाव तुमीन सांगं?"

मी म्हणालो, मीच सांगितले.

त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. मग म्हणाल्या, "सात महिना व्हयनात. बठ्ठा गाव म्हनस, मास्तरसनी काहीतरी करेल व्हई. आते तर मना भाऊ बी तसंच म्हनस." सगळा गाव, सख्खा भाऊसुद्धा, गुरुजींनाच दोष देतो हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. मी त्यांना सांगितले की या कलमाची एक प्रत मी सही करून आत्ताच तुमच्या हाती देतो, आणि सोमवारी दुसरी घेऊन मी स्वतः त्या कचेरीत जाणार आहे. हे बोलताना माझे दात एकमेकांवर वाजत होते, ते सगळ्यांनी ऐकले. सायरबाई म्हणाली, "मी येते बरोबर." ती असे काही बोलेल असे मला वाटले नव्हते.

यशोदाबाईंनी विचारले, दुसरा साक्षीदार कोण? मी म्हणालो, मिळालेला नाही. त्या म्हणाल्या, "मी करस." मी समजावले, तुम्हाला रेडिओ दिला आहे, ज्याला काही मिळते त्याच्याच घरच्यांनी साक्ष केली तर उद्या लोक शंका काढतील. शिवाय तुमचे नावही अशा कागदावर येईल, उद्या तुम्हालाही विचारायला येतील.

"रेडू नको आमले. ते खोडा," त्या म्हणाल्या. मी पाचवे कलम खोडले. त्यांनी गाठोडे सायरबाईकडे दिले, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"माले बी भेव वाटस, भाऊ," त्या म्हणाल्या. "सही कोठे करू ते दखाडा."

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी खाली सही करीत आहे.

ठिकाण : पिंप्राळा, जळगाव
तारीख : २४ डिसेंबर १९७६, शुक्रवार

(सही) उत्तमचंद रुपचंद सांखला

साक्षीदार
१. (सही) सुकदेव नथ्थू महाजन, वय ६३, राहणार पिंप्राळा, जळगाव
२. (सही) यशोदाबाई चुडामण पाटील, वय ४४, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे. चौथे कलम मला वाचून दाखवले. मी सगळे ऐकले.