अकरा घरांची एक सही

३ फेब्रुवारी
कंपनीनं यंदा डायरी दिली नाही. दरवर्षी द्यायची, वर समुद्रातल्या गॅसच्या विहिरीचा फोटो, आत मोठ्या साहेबाचे दात. म्हनून जुन्याच डायरीत लिहितेय. वार चुकीचे हायेत, चालतंय.
आज किशोर आला. माझ्या दिराचा पोरगा, बेलापूरला त्याच कंपनीत हिशेबाला हाय. हातात ड्रायफ्रूटचा डबा. मी म्हटलं, "काय रं, कंपनी बुडाली काय?" पांढराच पडला. मी आपली मस्करी केली होती.
आपले बाँड, म्हंजे कंपनीला व्याजानं दिलेले पैसे, मार्चला सुटायचे. पैसे द्यायला कं. कडं नाहीत. विहिरीतनं गॅस कमी येतोय, कर्ज वाढतंय.
"काकी, टेन्शन घेऊ नको. फक्त एक सही. जुन्याच्या बदल्यात नवीन बाँड, सात वर्षांचे. व्याज थोडं कमी."
"आनि सात वर्षांनी?"
"तेव्हाचं तेव्हा बघू."
डबा ठेवून घेतला. बदाम खवट निघाले.

५ फेब्रु.
ह्यांनी कं. च्या रबाळ्याच्या यार्डात एकतीस वर्षं क्रेन चालवली. मयताला कं. चा एक मानूस आला नाही. हार पाठवला, त्याच्यावर नाव दुसऱ्याच कोनाचं. आता बघा कसे येतायत.
बाँड कामगारांना आधी मिळायचे. गावातल्या दहा घरांनी ह्यांच्या हातात पैसे ठेवले, "तुझ्याच नावानं घे." कोनाकडं कागद नव्हते, कोनाला बँकेचा कंटाळा, कोनाला पोरांपासनं लपवायचे होते. सगळे जमीन गेल्याचे पैसे. आमचं धरून अकरा घरं, नाव एक. ते गेल्यावर माझं.
लिहिलंय कुठं? आमच्या पोरीच्या, शालूच्या लग्नाच्या आहेराच्या वहीत. पुढं कोनी किती पाकीट दिलं, कोनी स्टीलचा डबा, मागच्या पानांवर कोनाचे किती बाँड. सही नाही, अंगठा नाही.
कं. ला वाटतं मी मोठी शेठानी. वाटू दे.

९ फेब्रु.
किशोरचा साहेब आला. आमच्या गल्लीत गाडी शिरली नाही, समाजमंदिराकडनं चालत आला. सेंट एवढं की मांजर घर सोडून गेली. किशोर मागं फाईल धरून.
"मॅडम, नवीन बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण रुपयातले बारा आणे बाँडवाले हो म्हणाले तरच. तुमची संमती फार मोलाची आहे."
"बँकेला तारन काय देनार?"
"यार्ड."
"ते आमच्याकडं तारन होतं ना?"
"तुमचा नंबर त्यांच्यानंतर लागेल, एवढंच."
"म्हंजे सवत आनायची, आनि पत्रिका पहिलीनंच वाटायची."
किशोरला खोकला आला. साहेब हसला नाही. मंग मी विचारलं, "साहेब, तुमचे सोताचे किती बाँड हायेत?"
"जरा पाणी मिळेल का?"
दिलं पानी. "नाही म्हटलं तर?"
"प्रकरण कोर्टात जाईल. कंपनी विकली जाईल. तुमच्या हातात किती येईल, कधी येईल, सांगता येत नाही. आणि ही माणसं घरी बसतील."
'ही माणसं' म्हनताना किशोरकडं बघितलं. मुद्दाम.

१० फेब्रु.
एक गोष्ट कोनाला सांगितली नाही. इथं लिहिते.
दिवाळीचं व्याज आलंच नव्हतं. भाडोत्र्यांचं भाडं आनि एक पाटली मोडून मी दहा घरांत पाकिटं वाटली. कंपनीचं व्याज म्हनून. कशाला? ह्यांच्या नावाला बोल नको म्हनून. मेलेल्या मानसाची इज्जत जिवंत बाईला फार महाग पडते. तुमी वर बसून हसत असाल. हसा.

१४ फेब्रु.
दहाही घरांना ओटीवर बोलावलं. पाकिटांचं पन सांगून टाकलं. बाळकृष्ण भाऊजी, एरवी ग्रामसभेत माईक सोडत नाहीत, ते फरशी मोजत बसले. मंग म्हनाले, "वैनी, तू म्हनशील तसं."
बाकीचे लगेच, "हो, हो, वैनी म्हनंल तसं."
मला चढला राग. "पैसे तुमचे, सही माझी, आनि उद्या शिव्या पन मलाच. नाय जमनार. वहीत लिवा, हो का नाय. खाली नाव."
पेन ओटीभर फिरलं नि माझ्याकडं परत आलं. मी म्हटलं, "भाऊजी, लग्नात आहेर लिहिताना कशी ओरडून रक्कम सांगता? आज घसा बसला?" बायका हसल्या. सही कोनी केली नाही.
फक्त सोनीबाय. वय ऐंशीच्या पुढं. "सात वर्सं मना कोन देतंय? माज्या नावापुढं नाय लिव." शाई नव्हती. देवाच्या कुयरीतलं कुंकू पान्यात कालवलं, तिनं अंगठा उठवला. दोन रांडमुंड बायका आनि लाल अंगठा.

१८ फेब्रु.
संमतीचा कागद 'नाही'वर फुली मारून पाठवला. सही एक, तिचे अकरा तुकडे होत नाहीत. एक अंगठा खरा, बाकी सगळं 'तू म्हनशील तसं'. मी म्हटलं, 'नाही'.
संध्याकाळी किशोर आला. चहा घेतला नाही. "काकी, माझ्या घराचा हप्ता हाय. पोरीची फी हाय. तुला माहीत होतं ना?"
माहीत होतं.
रस्त्यात बाळकृष्ण भाऊजी भेटले. "वैनी, जरा घाईच केलीस."
"पेन घरातच हाय भाऊजी. या." आलं नाही कोनी.

२१ फेब्रु.
बारा आने भरले नाहीत. पन कोर्ट पन नाही. कं. नं सह्यांची मुदत वाढवली. आधीचे हो-नायचे कागद रद्द, परत सही मागनारा नवीन कागद आला. व्याज पाव टक्का वाढवलंय. सोनीबायला सांगायला गेले.
"पाव म्हंजे कवरा?"
"तुझ्या चहातल्या साखरेएवढा."
"मना साखर बंद हाय."
आमी दोघी हसलो. मंग ती एकदम म्हनाली, "किश्याची नोकरी जाईल का गं?"

२४ फेब्रु.
दुपारी किशोर आला. एकटा, फाईल नाही, डबा नाही. कॉलरचं बटन तुटलेलं. म्हनाला, ऑफिसात एसी बंद ठेवतात, दोन साहेबांनी दुसरीकडं नोकऱ्या बघितल्या. सेंटवाला त्यातलाच एक.
मी फॅन लावला.
"काकी, मी तुझ्या जागी असतो ना, तर..."
आनि थांबला. फॅनकडं बघत बसला.
मी विचारलं नाही. 'हो' म्हनाला असता तर वाटलं असतं कंपनी बोलतेय. 'नाही' म्हनाला असता तर त्याच्या तोंडानं त्याचीच नोकरी गेली असती. लहानपनी ह्यांच्या खांद्यावर बसून यार्ड बघायला जायचा तो.
"जेवून जा," म्हटलं. सुक्या बोंबलाचं कालवन होतं. जेवला. दोनदा भात मागितला. नवीन कागद आमच्या दोघांच्या ताटांच्या मधी, त्यानं रस्सा सांडू नये म्हनून हातानं जरा बाजूला सरकवला.
शनिवारपर्यंत द्यायचाय.