मडक्यातली काजळी

१७ नोव्हेंबर

चि. सौ. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले आणि मी आत्ता लिहायला बसतोय, रागावू नकोस. फोन का करत नाही म्हणशील, तर तुझी आई सारखी शेजारी असते आणि काही बोलणं तिच्यासमोर बोलवत नाही. जावईबापूंचा खोकला गेला का? त्यांना थंड पाणी देऊ नकोस. मुलांना गॅलरीत वाकू देऊ नकोस.

आमचं पुरातत्त्व मंडळ चालू आहे. नाव मोठं, पण आहेत सगळे हौशी. अध्यक्ष म्हणजे ते रिटायर झालेले ड्रॉइंगमास्तर, आणि बाकी शिंपी, नर्सबाई, माझ्यासारखे रिकामे. वीटभट्टीमागच्या टेकाडावर खणतो आणि खालच्या शेडमध्ये खापरं धुतो. मला चाळणी दिली आहे. माती चाळायला शिक्षण लागत नाही.

आईलाही मी तिथे नेत होतो. घरी एकटी ठेवायला मन धजत नाही, गॅस आहे, दार आहे. पाण्याची बादली आणि जुना टूथब्रश दिला की ती शांत बसायची. तिच्याइतकी स्वच्छ खापरं कोणी धूत नसे. नर्सबाई म्हणायच्या, "काकूंचा हात बघा आणि शिका."

गेल्या आठवड्यात एक अर्धं मडकं निघालं. आत काजळी आणि काहीतरी करपून चिकटलेलं. मास्तर हरखून गेले. त्या करपलेल्यावरून तेव्हाची माणसं काय शिजवून खात होती ते तपासणीत कळतं म्हणे. म्हणून ते न धुता वेगळं ठेवलं होतं, वर तशी चिठ्ठीही होती. मी चहा आणायला गेलो. परत येतो तर आई ते मांडीवर घेऊन घासते आहे. वाळू घेऊन, ताई. आतून लख्ख केलं होतं.

मला म्हणाली, "कोणी ठेवलं असं खरकटं? सकाळी घासायला त्रास होतो."

शिंपी म्हणाला, "काकू, हजार वर्षं कुणाला जमलं नाही, ते तुम्ही एका दुपारीत काढलंत." आई खूश झाली. मास्तर मात्र बाहेर जाऊन उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, तुम्ही येत जा. काकूंना मात्र..." चांगला माणूस आहे. मी म्हटलं, "बघतो." आता आम्ही दोघंही घरीच असतो.

वयाप्रमाणे थोडं विसरते, असं मी तुला मागे लिहिलं होतं. थोडं नाही. आई झोपली आहे असं फोनवर सांगायचो, तेव्हा ती जागीच असायची. तुझं नाव सांगितलं की नुसती हसायची, आणि ते तुला कळू नये असं मला वाटायचं.

काल तिने मला चहा दिला, पदर सावरून समोर बसली आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "बायको आहे. एक मुलगी, ती सासरी." तर म्हणाली, "मग इथे काय बसलात? घरी जा. बायको वाट बघत असेल."

मी चप्पल घातली, जिन्यात थोडा वेळ बसलो आणि परत येऊन बेल वाजवली. तेव्हा तिने ओळखलं. म्हणाली, "किती उशीर केलात."

रोज असं करायला माझे गुडघे पुरायचे नाहीत, ताई. मी थकलो. तुझ्याकडे जागा लहान आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, सगळं मला ठाऊक आहे. म्हणून ये असं लिहीत नाही, आम्हाला ने असंही नाही. तुला काय जमेल तेवढं कळव. काहीच जमणार नसेल तर तेही कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. पण लवकर कळव. ती अजून अधूनमधून मला ओळखते आहे तोवर.

तुझा,
बाबा