मीटरमधलं लाल चाक

आई, या वेळी पाण्याचं बिल तिप्पट आलंय आणि मला भीती वाटतेय. तुझ्याशिवाय कुणाला सांगू ते कळत नाही, आणि तुला जाऊन तर अठरा वर्षं झाली.

आपल्या क्वार्टरला मीटर बसला तो दिवस आठवतो? बाबांची बदली होऊन आपण जालन्याहून चंदीगडला नुकतेच आलो होतो. बाबा म्हणाले, आता मीटरमुळे पैसे वाचतील. तू पदर खोचून मीटरपाशी उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, हा कसले पैसे वाचवतोय, हा नुसत्या चहाड्या करणार. पहिली चहाडी तुझीच झाली म्हणा! जालन्यात पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून तू नळ उघडाच ठेवून खाली घागर लावायचीस, आणि घागरीत धार वाजली की हातातलं काम टाकून धावायचीस. इथेही तेच चालू ठेवलंस. एकदा आपण सेक्टर सतराच्या बाजारात गेलो आणि परत येऊन बघतो तर मोरीतलं पाणी व्हरांड्यापर्यंत आलेलं. बाबा खूप बोलले. दुसऱ्या दिवशी तू मला मीटरपाशी बसवून शिकवलंस, सगळे नळ बंद करायचे आणि हे लाल चाक बघायचं. फिरत राहिलं तर पाइप गळतोय. थांबलं तर आपलंच चुकतंय.

पुढे म्हातारपणी तू नळ उघडे टाकायला लागलीस तेव्हा आम्ही हसायचो. जालन्याची सवय, जाते कुठे! वर्षभर हसलो गं आम्ही. डॉक्टरकडे न्यावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि तो आजार आहे हे कळलं तेव्हा मी काय केलं, तर मोरीतला नळ फिरवायची चावीच काढून कपाटात ठेवली. तू कणकेने भरलेले हात घेऊन माझ्यापुढे उभी राहिलीस. "मी बंद केला होता गं," म्हणालीस. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस." माझ्या मुलासमोर म्हटलं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

आता तो इथून जवळच, खरड गावी राहतो, मी इथे चंदीगडात एकटी. बिलाचा फोटो पाठवला तर लगेच फोन आला. "मम्मी, लीकेज है, पक्का. संडे को प्लंबर लाता हूँ, फर्श खुलवाते हैं." मी हो म्हटलं.

काल दुपारी टाकी पूर्ण भरू दिली, घरातले सगळे नळ दोनदोनदा आवळले आणि मीटरपाशी जाऊन बसले. खरं सांगते, हात जोडून बसले होते. फिरू दे चाक. फुटलेला असू दे पाइप, सगळी फरशी उखडली तरी चालेल. तासभर बसले, पायाला मुंग्या आल्या. चाक हललं नाही. मग मी स्वतःशीच म्हटलं, जालन्याची सवय. पण आई, जालना सुटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. मी कधी नळ उघडा ठेवून पाण्याची वाट बघितली?

रविवारी उगाचच फरशी फुटेल. थांब, फोडू नको, एवढंच त्याला सांगायचंय. पण मग तो विचारेल, तुला कसं माहीत? त्याने सगळं पाहिलंय, कपाटातल्या चावीसकट. तो गुणाचा आहे, माझ्याशी वाईट वागणार नाही. पण मी तरी कुठे वाईट होते?

हा कागद फाडूनच टाकीन, त्याच्या हाती लागायला नको. एक मात्र कबूल करते. हे लिहिता लिहिता दोनदा उठून मोरीतला नळ बघून आले. पहिल्यांदा तो बंद होता. दुसऱ्यांदा धो धो चालू होता, आणि मधे कधी मी तिकडे गेले ते मला काही केल्या आठवत नाही.