बिनतोंडाच्या बाहुलीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, बाहुल्यांच्या कारखान्यातली निवृत्त रंगारीण आणि एका पातळ कवितासंग्रहाची कवयित्री, शुद्धीवर राहून आणि चष्मा लावून हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, शेजारच्या खोलीत मुद्दाम खोकत आहेत. पण ते दडपण धरायचे तर लग्नापासून मला एक ओळही लिहिता आली नसती. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी भांडी घासताना मनातल्या मनात केली होती.

१. राहते घर. हे माझे स्वकष्टार्जित आहे. बाहुल्यांचे ओठ रंगवून ते घेतले: डावीकडून सुरुवात, मधे बाक, उजवीकडे हलकी उचल. दिवसभर बाहुल्यांना हसवून मी संध्याकाळी तोंड पाडून घरी यायची, असे यजमान म्हणत. खरेच होते, हसू सगळे कारखान्यातच संपायचे. हे घर माझ्या पश्चात संपूर्णपणे आणि निर्वेधपणे माझ्या लेकीचे. चिरंजीव म्हणतात, "आई, ताईचं घर तिकडे आहे." तिकडे ती कायम हसतमुख असायची म्हणून सासरचे तिचे भारी कौतुक करत. तिथून ती एका बॅगेनिशी परत आली आहे. पुन्हा जायचे की नाही हे आज काय, उद्या काय, तिचे तिनेच ठरवावे, आणि ठरवताना डोक्यावर छप्पर असावे, एवढ्यासाठी हे कलम. चिरंजीवांना माझी आरामखुर्ची द्यावी. ती सारखी करकरते, दोघांचे जमेल.

वन्सं त्यांच्या खोलीत हयातभर राहतील. त्यांना कोणी बाहेर काढू नये. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

२. बाहुली. कारखान्यात डोळे एका टेबलावर व्हायचे आणि तोंड आमच्या. एकदा एक बाहुली माझ्या हातून बिनतोंडाचीच पुढे गेली, कारण मी त्या वेळी यमक शोधत होते. यमक सापडले नाही, बाहुली मात्र पेटीत भरताना सापडली. "ही कोणाची?" मुकादम ओरडला. मी म्हटले, "माझी." तेव्हापासून ती माझी आहे.

लेक लहान असताना रोज सकाळी पेन्सिलीने तिचे तोंड काढायची आणि निजण्यापूर्वी खोडायची. परीक्षेच्या दिवशी सरळ रेघ, मैत्रिणीशी भांडली की कोपरे खाली. तिकडून परत आल्यावर कित्येक आठवडे तिने पेन्सिलीला हात लावला नाही. मग एका सकाळी बाहुलीला गोल, उघडे तोंड आले. दुपारी ताटावर बसल्यावर लेक म्हणाली, "आई, मी आता तिकडे जाणार नाही." मला वाईट वाटले आणि हायसेही वाटले. मी तिला अजून थोडे वाढले.

वन्सं माझ्या मागे लागल्या आहेत: "वहिनी, जन्मभर तोंडं रंगवलीस, हिचंही रंगवून टाक. लाल, हसरं. ओकंबोकं दिसतं गं." तर बाहुली लेकीला द्यावी, सोबत पेन्सिल आणि खोडरबर. रंग कोणीही, कधीही लावू नये. माझे कुंचले वन्संना द्यावेत. त्यांनी कुंड्या रंगवाव्यात.

३. कविता. सगळ्या याच बाहुलीच्या तोंडच्या आहेत, म्हणजे जे तोंड तिला नाही त्या तोंडच्या. नमुन्यादाखल एक:

मला भूक लागत नाही,
तरी त्यांनी मला चमच्यासकट विकलं.
घर दिलं, त्याला भिंती तीनच,
म्हणजे सगळ्यांना दिसावं
मी किती सुखात आहे.

प्रकाशकांनी संग्रह न वाचता छापला. मुखपृष्ठावर बाहुली आली ती टपोऱ्या लाल ओठांची, बत्तीशी दाखवत. मी तक्रार केली तर म्हणाले, "बाई, हसरी असली की हातात घेतात." कोणी घेतली नाही. पलंगाखालचे सर्व गठ्ठे त्यांना परत करावेत. कवितांचे हक्क लेकीकडे राहतील. पुन्हा छापल्यास मुखपृष्ठ कोरे ठेवावे.

४. देह. नात्यात कोणी बाई गेली की वन्सं सर्वांत आधी पोचतात, दोन बोटांनी तिच्या ओठांचे कोपरे वर दाबतात आणि सांगतात, "बघा, किती समाधानाने गेली." माझ्या सासूबाई भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरत असतानाच गेल्या, त्यांनाही हसवले. माझ्या चेहऱ्याला हात लावू नये. तोंड जसे राहील तसे राहू द्यावे. लेकीने उशाशी बसून राखण करावी.

५. हे सर्व मी काल लेकीला वाचून दाखवले.  घराचे कलम ऐकून तिने बाहुली आणली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "आज तू काढ."

माझा हात आता थरथरतो. डावीकडून सुरुवात केली, मधे बाक हुकला, उजवीकडची रेघ पार गालावर गेली. जन्मभर एकसारखी तोंडे काढली, आणि हे असले. लेक इतकी हसली की वन्सं खोकायच्या थांबल्या. तिकडून आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकले. रात्री तिने ते खोडले नाही.

खालची सही त्याच हाताची आहे. वाकडी आली तरी माझीच धरावी.

(सही)

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. तळमजल्यावरची शिंपीण (सही)
२. समोरचे दातांचे डॉक्टर (सही)

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: बाहुलीला माझ्या हातचे तोंड आले त्याचा दुसरा दिवस, शुक्रवार