देवळालीहून गेलेला शब्द

बाई, तुम्ही आठवीत इंग्रजीच्या तासाला शिकवलेला एक शब्द काल माझ्या घरी परत आला, आणि तोही थेट इंग्लंडहून. माझी लेक तिकडे नोकरीला असते. व्हिडिओ कॉलवर मी तिला तिच्या बाबांचं सांगत होते, तर ती हसून म्हणाली, "आई, बाबा टोटली डूलाली झालेत गं!" तिच्या ऑफिसात म्हणे डोकं फिरलेल्या माणसाला असंच म्हणतात. हा शब्द तिच्या आजोळचा आहे हे तिच्या गावीही नव्हतं. मी मात्र मोबाइल हातात धरून सरळ देवळाली कॅम्पातल्या आपल्या वर्गात जाऊन बसले.

बाहेर तोफांचा सराव चाललाय, खिडक्यांच्या काचा थरथरतायत, आणि तुम्ही फळ्यावर हा विचित्र शब्द लिहून विचारताय, "ओळखा बरं, हे कुठलं गाव?" कुणालाच येत नाही. मग तुम्ही सांगता. पलटणीतली मुदत संपलेले गोरे सोजीर घरी पाठवण्याआधी आपल्या कॅम्पात आणून ठेवत. आगबोटी वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच सुटत. बोट चुकली की पुढच्या मोसमापर्यंत थांबा. हाताला काम नाही, वर ऊन, आणि आज तरी बोटीची बातमी येईल म्हणून रोज बसून राहायचं. त्यातल्या काहींची डोकी बसल्या बसल्या फिरली. मग पलटणीत म्हणू लागले, हा देवळालीला गेला. गोऱ्यांच्या जिभेवर देवळालीचं डूलाली झालं. पुढे तो शब्द त्यांच्याबरोबरच बोटीत बसून विलायतेला गेला आणि तिथे थट्टेचा झाला. कपाळावर चष्मा ठेवून घरभर तोच शोधणाऱ्या आजोबांनाही लोक तसं म्हणू लागले. "पण मुळात तो थट्टेचा नाही," तुम्ही म्हणालात. "मुळात तो वाट बघणाऱ्यांचा आहे."

तुमच्या वर्गाचा नियम मला अजून पाठ आहे. माणसाला लावायचा कुठलाही नवीन शब्द आला की पहिलं वाक्य स्वतःवर करायचं, मग दुसऱ्यावर. स्वार्थी या अर्थाचा शब्द आला तेव्हा एका मुलीनं भावावर वाक्य केलं, तर तुम्ही तिला उभंच केलंत. "भाऊ मागून. आधी स्वतः घालून बघ, कुठे टोचतं ते कळेल." हट्टी या अर्थाचा आला तेव्हा मी माझ्यावर वाक्य केलं आणि तुम्ही म्हणालात, "खाली बस, याला पुरावा नको." सगळा वर्ग हसला होता. डूलालीचं वाक्य मात्र कुणालाच जमलं नाही. त्या वयात कोण कसली वाट बघणार? "असू दे, ठेवून द्या," तुम्ही म्हणालात, "पुढे कधीतरी लागेल."

लागला, बाई. आमचे हे सातपूरच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, गेटला कुलूप लागलं. हिशेब मिळाला, सत्कार नाही, काही नाही. सुरुवातीला घरी बरे होते. मग एक दिवस पहाटे उठून दाढी केली, कंपनीचा निळा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "डबा झाला का? बस येईल." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गेले आणि पूर्वीच्याच थांब्यावर जाऊन बसले. तेव्हापासून रोज जातात. फर्स्ट शिफ्टची बस यायची ती वेळ टळून ऊन चढेपर्यंत बसतात, तिथेच डबा खातात आणि घरी येतात. कुणाला त्रास नाही, आरडाओरडा नाही. कॉलनीतली पोरं "काका, बस पंक्चर झाली!" म्हणून ओरडतात, तेव्हा हे मान हलवून हो म्हणतात.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. एकटं ठेवू नका, कोंडून तर मुळीच ठेवू नका. पण माझे धाकटे दीर दिंडोरीकडे असतात, त्यांची द्राक्षाची बाग आहे. त्यांना घरात लग्नाची मुलगी आहे आणि लोकांची लाज आहे. परवा येऊन म्हणाले, "वहिनी, लोकं लय हसू राहिले. दादाला मळ्यात नेऊन ठेवतो. तिकडं खोली हाय, कोणाला दिसणार नाय." मी विचारलं, "आणि खोलीला कडी कुठून आहे, आतून की बाहेरून?" ते उठून अंगणात गेले. मनानं वाईट नाहीत ते. भावाला असं बघवत नाही, म्हणून नजरेआड करायचं बघतात. रविवारी गाडी घेऊन येतो, एवढं सांगून गेले. आज शनिवार आहे.

तर काल लेकीनं तो शब्द वापरला आणि मला आधी राग आला. मग म्हटलं, रागावून काय होणार, बाईंचा नियम लावू. "हा शब्द देवळालीचा आहे," मी तिला सांगितलं. बोटीचं, सोजिरांचं सगळं सांगितलं. "आता आधी स्वतःवर वाक्य कर, मग बाबांवर." तिनं उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "आई, इथे आले ना, पहिल्या हिवाळ्यात मी रोज कामावरून येऊन बॅग भरायचे. तिकीट नव्हतं काही नव्हतं. भरायचे आणि झोपायच्या आधी परत काढायचे. तुला कधी सांगितलं नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं. फोन ठेवताना म्हणाली, "काका आले की मला फोन लाव. मीच बोलते त्यांच्याशी."

लावीन. पण त्याआधी मीच बोलणार आहे. ह्यांना मळ्यात पाठवायचं नाही, हे माझं पक्कं आहे. दिरांना उद्या थांब्यावरच बोलावलंय. म्हणावं, गाडी लावा बाजूला आणि बसा भावाशेजारी, डबा तिघांपुरता आणते. माणूस वाट बघतोय तर त्याच्यासोबत बसायचं, त्याला झाकायचं नाही. त्यांनाही विचारणार आहे, भाऊजी, तुम्ही कधी कशाची अशी वाट बघितली नाही का? काय सांगतात ते बघू. नाहीच ऐकलं, तर माझ्या हट्टाला पुरावा लागत नाही, हे त्यांनाही कळेल.

हे पत्र टाकायचं कुठे? तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. ते डब्याच्या पिशवीतच राहील. पण वाक्य करायचं राहिलंय माझं, बाई. मीही रोज ह्यांच्या शेजारी जाऊन बसते. शेजारणींना सांगते, सोबत म्हणून जाते, माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी वळणावर एक बस दिसली. कुठल्यातरी शाळेची होती, पण रंग तसाच. ह्यांच्या आधी मीच उठून उभी राहिले, पिशवी खांद्याला अडकवून. ह्यांनी माझा हात धरून मला हळूच खाली बसवलं. म्हणाले, "बस गं. आपली नाही ती."