अजगराच्या शेपटीचं फेरपरीक्षण

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, सकाळ

तीर्थरूप कडुबामामा यांना पुंडलिकचा साष्टांग नमस्कार.

ताजी बातमी आधी देतो, सवय सुटत नाही. अजगराची शेपटी बरोबर होती. काल शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सव्वीस माणसांसमोर हे सिद्ध झालं, आणि निवृत्त मुख्याध्यापिका द्वारकाबाई यांनी त्याला दुजोरा दिला. (द्वारकाबाई सहसा कशालाच दुजोरा देत नाहीत. कडक ऊन पडलंय म्हटलं तरी त्या आधी गॅलरीत जाऊन बघतात.) आता क्षेमकुशल. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर आटोक्यात आहे का? कपाशीची वेचणी उरकली का? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. माझी रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आली होती, ती काल पूर्ण घ्यावी लागली. कारण पुढं येतंच आहे.

पत्र इथंच घडी घालून फडताळात टाकाल, अशी मला भीती वाटते. तेवढं करू नका. गेल्या बेचाळीस वर्षांत आपण लग्नाकार्यात कितीदा समोरासमोर आलो, दर वेळी तुम्ही ‘जेवला का?’ विचारलं आणि मी ‘हो’ म्हणालो. (दोनदा जेवलो नव्हतो, तरी म्हणालो.) त्यापुढचं बोलणं ज्या चित्रपटानं अडवून धरलं, तो ‘नीलमघाटी का अजगर’ काल आम्ही पाहिला.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही निवृत्त मंडळी हॉलमध्ये जमून तलवारी, जादूगार आणि उडते गालिचे यांचे जुने चित्रपट बघतो. सूनबाई प्रेरणा बँकेच्या कामातून वेळ काढून भिंतीवर चित्र लावून देते, आमची सौ. रत्नमाला चहा करते, आणि द्वारकाबाई प्रत्येक चित्रपटाला शंभरपैकी गुण देतात. पहिल्या शनिवारी मी थट्टा करायच्या तयारीनं बसलो होतो. तरुणपणी अशा चित्रपटांवर मी दैनिकाच्या पुरवणीत दर आठवड्याला झोड उठवायचो. पत्र्याच्या तलवारी, दोरीवर लोंबणारी भुतं, धुपाटण्यातला धूर, ही माझी ठरलेली वाक्यं होती. पण मामा, आता नव्यानं बघताना दोऱ्या दिसतात तशी त्या दोऱ्यांची टोकं धरणारी माणसंही दिसतात. हल्लीचे संगणकातले राक्षस शहर चिरडतात आणि आपण शेंगदाणे खात बसतो. इथं एक माणूस खरोखर पंधरा फुटांवरून पडतो आणि आपला हात आपोआप स्वतःच्या कमरेला जातो. शिवाय त्यातला दुष्ट माणूस आपण दुष्ट आहोत हे हसून आधी सांगतो, आणि नायक वार करण्यापूर्वी ‘सावधान’ म्हणतो. एवढी सभ्यता आता पाण्याच्या टँकरपाशीसुद्धा उरलेली नाही. आमचे पुंजाराम (चितेगावच्या कारखान्यात तीस वर्षं होते, आता माझे शेजारी) तर चिलखतं बघून म्हणाले, ‘साहेब, जोड लई सफाईचा हाय. ज्यानं केला त्याला ठावं होतं की आत माणूस बसनार हाय.’ अकरा चित्रपट झाले आणि माझी अकरा जुनी मतं गेली. बाराव्याच्या वेळी प्रेरणाला कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून ठेवलेला ‘नीलमघाटी’ सापडला. नाव ऐकताच रत्नमालानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी चहाकडं.

आता जे लिहितो ते वाचताना बसून घ्या. चित्रपट कंपनी दौलताबादच्या किल्ल्याखाली आली, तेव्हा तुम्ही सीताफळांच्या दिवसात सासरवाडीला होतात. वेताच्या सांगाड्यावर कापड चढवलेला साठ हात लांबीचा अजगर हलवायला अकरा माणसं हवी होती, आणि तालमीतलं अंग म्हणून तुम्हाला शेवटच्या जागी घातलं. तुम्ही अजगरात आहात हे मला माहीत होतं. अजगरात कुठं आहात, हे मात्र मी कधी विचारलं नाही. मग मी लिहिलं, ‘हा अजगर अकरा जण चालवतात हे उघड दिसतं, पण शेपटीतले गृहस्थ दुसऱ्याच अजगरात असावेत.’ त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो. संपादकांनी ते चौकटीत टाकलं. लोकांनी चित्रपटाकडं पाठ फिरवली आणि तो चौथ्या दिवशी उतरला. पाचव्या दिवशी तुम्ही सोयगावहून ट्रॅक्टरभर माणसं घेऊन आलात तेव्हा टॉकीजवर दुसरीच पाटी लागलेली होती. गावात ज्यांनी तुमची शेपटी पाहिली नाही, त्या सगळ्यांनी माझं वाक्य मात्र वाचलं. त्या दुपारी तुम्ही आमच्या कचेरीच्या जिन्यात उभे राहून मला एकच गोष्ट विचारलीत, ‘पुंडलिका, तू शेवटपर्यंत पाह्यला का रं?’ मी ‘हो’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘मंग ठीक हाय,’ आणि जिना उतरलात.

मामा, मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. तीनचा खेळ सुटायला सहा वाजायचे आणि पुरवणीचं पान साडेपाचला छपाईला जायचं. मध्यंतर झालं की सायकल काढायची आणि उरलेला चित्रपट वाटेत ताडायचा, ही आमच्या कचेरीची रीत होती. त्या रीतीनं मी तीनशेच्या वर परीक्षणं लिहिली आणि एकही दिवस पान उशिरा दिलं नाही. (सत्कारात मला याबद्दल शाल मिळाली आहे.) तुमच्याशी जिन्यात खोटं बोललो, त्याचं कारण मात्र वेळेची टंचाई हे नव्हतं. माझी भीती होती.

काल मध्यंतरापर्यंत सगळं माझ्या बाजूनं चाललं होतं. अजगर डावीकडं वळला की शेपटी उजवीकडं, अजगर झोपला की शेपटी जागी. लोक हसत होते. फक्त पुंजाराम हसले नाहीत. ‘साहेब, ही शेपटी चुकत नाय. चुकून हलनारी वस्तू मला कळती, कारखान्याच्या पट्ट्यावर जिंदगी गेली माझी. ही ठरवून हलती.’ मी म्हणालो, ‘पुंजाराम, चहा घ्या.’ मध्यंतरानंतर विसाव्या मिनिटाला म्हातारा फकीर राजकन्येला गुपित सांगतो. जादूगारानं तिच्या बापाचा अजगर केला खरा, पण मंत्र तोंडातून आत शिरून शेपटीपर्यंत पोचायच्या आतच कोंबडा आरवला. शेपटी मंत्रातून सुटली! तोंड जादूगाराचं, शेपटी बापाची! म्हणजे पहिल्या प्रसंगापासून ती एकटी शेपटी आपल्या लेकीला खुणा करत होती, आणि राजकन्या, जादूगार, फौज आणि आमचं दैनिक यांपैकी कुणालाच ते कळलं नाही.

हॉलमध्ये जो गलका झाला तो काय सांगू! द्वारकाबाईंनी चित्रपट थांबवायला लावला, चष्मा पुसला आणि प्रेरणाकडून पहिला भाग परत लावून घेतला. सात ठिकाणी शेपटी वेगळी हलते. त्यांनी सातही वहीत टिपली. दोनदा आपटली तेव्हा धोका होता. वाळूत ओढत गेली तेव्हा भुयाराकडं बाण निघाला होता. राजकन्या रडत होती तेव्हा शेपटीचं टोक तिच्या पायाशी येऊन नुसतं थांबलं होतं. त्या थांबण्याला सव्वीस माणसांपैकी निदान नऊ जणांनी डोळे पुसले, आणि मी मोजत होतो म्हणून दहावा धरला नाही. मग रत्नमालानं (कुठल्या पेटीत जपलं होतं देव जाणे) पिशवीतून ते पिवळं कात्रण काढून खड्या आवाजात वाचलं. द्वारकाबाईंनी विचारलं, ‘खाली सही आहे तो पु. सा. कोण?’ मी उभा राहिलो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी वर्गात उभा राहिलो, मामा. त्या म्हणाल्या, ‘अर्धी प्रश्नपत्रिका वाचून पेपर दिलात. तुम्हाला शून्य. शेपटीला सत्त्याण्णव.’ पुंजाराम उठून म्हणाले, ‘आन शेपटीत व्हतं कोन?’ मी म्हणालो, ‘माझे सख्खे मामा.’ त्यावर सगळा हॉल उभा राहिला. मी आधीपासून उभाच होतो, त्यामुळं टाळ्या वाजवायला माझे दोन्ही हात मोकळे होते. इतक्या टाळ्या मी माझ्या शालीच्या दिवशीसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

ज्या दैनिकात मी ते वाक्य लिहिलं, त्याच दैनिकाच्या रविवार पुरवणीत आता नवं परीक्षण येणार आहे. मी संपादकांना सकाळी फोन केला. ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, त्यांनी चौकटही कबूल केली. तुमचं नाव पूर्ण छापू, गावासकट.

मामींना नमस्कार सांगा. तुम्हाला वर घातलाय तो भाच्याचा. खाली आणखी एक घालतो, तो चुकलेल्या परीक्षकाचा समजावा.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. – प्रेरणानं काल मामींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, ‘अगं, त्यायनी कुठं पाह्यला तो शिनिमा? टॅक्टर घिऊन आलो तं पाटीच बदलेली. तवापासून नावच काढू देत नायत.’ म्हणजे तुम्ही स्वतःची शेपटी आजवर पाहिलेलीच नाही. येत्या शनिवारी चार वाजता आम्ही चित्रपट पुन्हा लावतोय. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमची. मामींवर रागावू नका, फोन आम्हीच केला होता.

ता. क. दुसरं – एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली नाही, टाळली.) त्या कॅसेटवर शेवटची आठ मिनिटं नाहीत. शेपटी जादूगाराच्या गळ्याभोवती पहिला वेढा घालते, आणि तेवढ्यात नांदेडकडच्या कुणाच्या तरी लग्नातली हळद सुरू होते. पुढं तासभर हळदच आहे. आम्ही आशेनं पूर्ण पाहिली. म्हणजे मी शेवट अजूनही पाहिलेला नाही. शेपटीत तुम्हाला काही दिसत नव्हतं हे मान्य, पण केव्हा, किती आणि कुणाभोवती आवळायचं, हे तर सांगितलं असेल? राजा माणसात येतो का? लेक त्याला ओळखते का? हे सांगू शकणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. पुरवणीचं पान मंगळवारी लागणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते थांबवायला सांगितलं आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत चौकट कोरी राहील, असं संपादकांनी कळवलं आहे. शनिवारी सकाळी नऊ वाजता प्रेरणाची गाडी सोयगावात तुमच्या दारापुढं उभी राहील. मामींनी लुगडं काढून ठेवल्याचं त्यांनीच सांगितलं. तुमच्या येण्याला अद्याप दुजोरा मिळालेला नाही.