चौकटीतली मालकीण

आई, काल एका घराची चौकट बसली आणि दिवसभर तू माझ्या डोक्यातून गेली नाहीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला सांगायच्या गोष्टी साचून माळा भरला, पण लिहायला काही बसले नाही. मी आता काय काम करते, हेसुद्धा तुला माहीत नाही. वाळवा तालुक्यातल्या एका नगरपालिकेत मी घरकुलांच्या कामावर इंजिनिअर आहे. दिल्लीत घरांचं आणि शहरांचं एक मंत्रालय आहे. ते गरिबाला घर बांधायला पैसे देतं, पण एकदम हातात देत नाही, अगदी तुझ्यासारखं. आधी भाजी दाखव, मग सुटे देते म्हणायचीस ना, तसंच. पाया झाला की थोडे, भिंती वर आल्या की थोडे, स्लॅब पडला की थोडे. दर खेपेला मी जागेवर जायचं, मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो दिल्लीला पाठवायचा. फोटोत घर आणि मालकीण दोन्ही दिसली पाहिजेत. हो, मालकीणच. घर बाईच्या नावावर किंवा निदान नवरा-बायकोच्या जोडीनं हवं, असा तिथला नियम आहे. त्यामुळं एवढी शिकूनसुद्धा गावात मला कुणी इंजिनिअर म्हणत नाही. सगळे 'फोटोवाली बाई' म्हणतात.

एकदा त्या मंत्रालयाच्या प्रशिक्षणाला दिल्लीलाही जाऊन आले. लांबलचक व्हरांडे, दारादारावर पाट्या, कपात घोटभर चहा. राजमा-भात खाऊन खाऊन माझं पोट भाकरीसाठी रडायला लागलं होतं. पण एका मोठ्या पडद्यावर त्यांनी देशभरातल्या घरांचे फोटो दाखवले, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले. कुठं डोंगरातलं घर, कुठं वाळवंटातलं, आणि प्रत्येकासमोर एकेक बाई, अंगात कुणीतरी काठी घातल्यासारखी ताठ उभी. घर बाईच्या नावावर पाहिजे हे कागदावर पहिल्यांदा कुणी लिहिलं असेल, कोण जाणे. त्याच्या घरी तुझ्यासारखी एखादी असणार, असं मला तेव्हा वाटलं. डोळे भरून आले, तर शेजारचा मराठवाड्यातला अभियंता म्हणाला, एसी लय गार आहे का हो मॅडम? मी हो म्हणाले.

मिरजेत आपल्या दोन खोल्यांची चौकट बसली तो दिवस तुला आठवतो का? मला तर काल झाल्यासारखा आठवतो. पाया आप्पांनी भरून घेतला आणि भिंतींना सुरुवात व्हायच्या आत ते गेले, तुझं कुंकू गेलं. तू दवाखान्याच्या खानावळीत भाकऱ्या थापून पुढचं काम ओढत आणलंस. चौकट आली, सुतारानं उभी केली, आंब्याची डहाळी बांधली, पिवळ्या कापडात हळकुंड-सुपारी गुंडाळली. आणि पूजेचं ताट घेऊन पुढं कोण, तर शेजारच्या काकू. तू मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभी आहेस, पदर दोन्ही हातांनी धरून, पाहुण्यासारखी. मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "चौकट आमची, मग काकू का पूजा करतीय?" बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तू मला दंडाला धरून पत्र्याच्या आडोशाला नेलंस आणि असा चिमटा काढलास, की हात आठवडाभर हिरवा-निळा होता.

"माझ्यापायी भांडून वाईटपणा घेऊ नगंस," तू म्हणालीस. "ह्याच बायका उद्या माझ्या अडीनडीला येनार हायत. भांडायचंच आसंल तर आदी शिक. शिकल्यालीचं लोक आयकत्यात." आणि बाहेर जाऊन तू काकूंना स्वतःच्या हातानं पेढा भरवलास. मला तुझा इतका राग आला होता, की त्या दिवशी मी जेवले नाही. आता वाटतं, तू हरली नव्हतीस. तू वाट बघायला शिकली होतीस, पण माझ्या वाट्याला तसं वाट बघणं येऊ द्यायला काही तयार नव्हतीस. दहावीनंतर सगळे पाहुणे म्हणाले, पोरीला नर्सिंगला घाला, मिरजेत दवाखान्यांना काय तोटा. तू म्हणालीस, "नर्सा मिरजंत ढीगभर हायत. माझी पोरगी घरं बांधंल." सांगलीच्या पॉलिटेक्निकला माझ्याबरोबर आलीस, लग्नातलं लुगडं नेसून, अंगाला फोडणीचा वास, आणि प्रवेशाच्या खिडकीवरच्या सरांना थेट विचारलंस, "आवं सायेब, पोरीबाळींना वाळू-सिमीट चालतंय न्हवं?" मी लाजेनं मरायची बाकी राहिले. तेच सर पुढं तीन वर्षं मला वाळू-सिमेंट म्हणून हाक मारत. आणि तो माझा ड्रॉइंग बोर्ड! उन्हाळ्यात त्याच्यावर तू पापड लाटलेस. पुढं कितीतरी दिवस माझ्या नकाशांना जिऱ्याचा वास यायचा. तेव्हा मी आकांडतांडव केलं, आणि तू म्हणालीस, एवढा सपाट पाट घरात पडून ऱ्हातोय, मग वापरायचा न्हाई व्हय? या सगळ्याचे आभार कधी मानले नाहीत. चिमट्याचेही मानले नाहीत. तुझ्या जिवावर मी आज साइटवर पाय रोवून उभी राहते, हे तुला तोंडावर एकदा सांगायला हवं होतं.

तर कालची गोष्ट. आमच्या गावाच्या कडेला आटपाडीकडून आलेलं मेंढरं राखणारं एक घर आहे. दोघं भाऊ, दोघांच्या बायका, थोरल्याची लग्नाला आलेली पोरगी आणि म्हातारी आई. थोरल्याचं घरकुल मंजूर झालं, बायकोच्या नावावर. पाया झाला, भिंती वर आल्या, आणि थंडीत तो वारला. चौकटीची जागा मोकळी सोडून गवंडी थांबला होता, कारण सुतारानं चौकटच उशिरा दिली. काल ती बसली, आणि पाऊस तोंडावर आलाय म्हणून मी फोटोलाही कालच गेले. बघते तर मालकीण लांब, मेंढरांच्या वाघरीच्या जाळीजवळ उभी. ताट घेऊन चौकटीत उभी आहे धाकटी जाऊ. दीर पुढं आला. "बाई, फोटू हिचा काढा. आज शुभ दिस हाय. वैनीचा काय, मागनं कवा बी काढा."

"घर कुणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"आवं, घर समद्यांचं एकच की."

माणूस वाईट नाही, पण मी हे पाहिलेलं आहे, आई. जी पहिल्या दिवशी चौकटीत उभी राहते, तीच हळूहळू चुलीची होते, मग खोलीची, आणि जिचं नाव कागदावर आहे ती ओसरीवर अंथरूण टाकते. मी मालकिणीकडं गेले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, माझी सावली नगं आज चौकटीवर. पोरीची सोयरीक चाललीया. उद्या काय कमीजास्त झालं तर मलाच बोलत्याल." तिच्या हातात पदराचं टोक होतं, आणि ते तिनं इतकं घट्ट धरलं होतं, की मला पुढचं दिसेनासं झालं.

माझ्या जिभेवर भाषण तयार होतं. रूढी, अडाणीपणा, काळ बदलला, सगळं. पण मग तुझा चिमटा आठवला. भाषण ठोकून मी गाडीवर बसून निघून जाणार, आणि तिला त्याच माणसांत राहायचं. म्हणून मी मोबाईल पुढं केला आणि तोंड वाकडं करून म्हटलं, "मावशी, मी काय करू? दिल्लीचं मंत्रालय ऐकत नाही. मालकीण चौकटीत उभी दिसली नाही, तर फोटोच घेत नाहीत."

दीर चिडला. "दिल्लीला काय ठावं, सवाष्ण कोन आन् कोन न्हाई?"

"तेच तर," मी म्हटलं. "तिला फक्त मालकीण ठाऊक."

विटांच्या थप्पीवर म्हातारी सासू बसली होती, कपाळ पांढरं. इतका वेळ तंबाखू मळत होती. तिनं विचारलं, "दिल्लीनं सांगितलंय व्हय गं, चौकटीत हुबी ऱ्हा म्हनून?"

"हो आजी."

"मग ऱ्हा की हुबी," ती सुनेला म्हणाली. "आमच्या वक्ताला कुनी सांगितलं न्हाई, म्हनून आमी कडंला ऱ्हायलो. तुला सांगत्यात, तर तू कडंला का?"

 दिरानं टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली आणि गवंड्याला उगाच पाणी मार म्हणाला. मालकीण आली. हात कुठं ठेवावेत तिला कळेना, शेवटी एक हात चौकटीवर ठेवला, तापल्या तव्याला लावावा तसा, भीत भीत. धाकटी जाऊ ताट घेऊन बाजूला सरली होती, तीच परत पुढं झाली आणि म्हणाली, "आक्का, पदर वाईच मागं घ्या, तोंड दिसंना." मग मालकिणीनं मला विचारलं, "बाई, हसू का?" मी म्हटलं, हसा की. ती हसली, आई. दात पडलेले, डोळे वाहत होते, आणि ती हसत होती. मी फोटो एकदा काढायचा तो तीनदा काढला.

हे पत्र मिरजेच्या पत्त्यावर टाकावं म्हटलं, तर तिथं आता भाडेकरू राहतात, तेच फोडून वाचतील. तेव्हा ते इथंच राहील. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय पेन ठेवता येत नाही. दिल्लीनं चौकट मागितलीच नव्हती. ती बाई वाळूच्या ढिगाशी उभी राहिली असती, भिंतीच्या कडेला उभी राहिली असती, तरी फोटो गेला असता. घर दिसावं आणि ती दिसावी, एवढंच त्यांचं म्हणणं. चौकटीत उभी राहा, हे दिल्लीचं नाही, माझं. तुला ते कुणीच म्हणालं नाही, म्हणून मी तिला म्हणाले.